मंडळीचा कारभार कोणाच्या हाती? मराठी चर्चच्या फेररचनेची दीडशे वर्षे

(हडपसर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी.

हा 'मंडळी' शब्द आज आपल्याला दोन अर्थांनी लागणार आहे. एक, आत्ता वापरला तो, म्हणजे जमलेले लोक. दुसरा मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडातला. तो 'आमची मंडळी' म्हणतो तेव्हा त्याला आपलं स्थानिक चर्च म्हणायचं असतं. इमारतीला तो चर्च किंवा देऊळ म्हणेल, पण माणसांच्या समूहाला मंडळीच. हा फरक लक्षात ठेवा. कारण आजचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो: चर्चचा कारभार म्हणजे त्या माणसांचा कारभार, की इमारतीचा, की आणखी वर कुठेतरी बसलेल्या एखाद्या मंडळाचा?

हडपसरमध्ये हा विषय का घ्यायचा, असं काही जणांना वाटेल. हडपसरची गोष्ट आपल्याला माहीत आहे. सोलापूर रस्त्यावरचं शेतीचं, भाजीचं गाव. मग औद्योगिक वसाहत आली, किर्लोस्कर न्यूमॅटिकसारखे कारखाने आले, शेजारी मुंढव्याला भारत फोर्ज आलं. पुढे मगरपट्टा आला आणि संगणकावर काम करणारी पिढी आली. प्रत्येक लाटेबरोबर माणसं आली आणि माणसांबरोबर त्यांची देवघरं, त्यांच्या भजनी मंडळ्या, त्यांची चर्चं आली. नगरकडचा ख्रिस्ती माणूस आला, कोल्हापूरचा आला, जालन्याचा, विदर्भातला आला. सगळे मराठी, सगळ्यांच्या हातात मराठी बायबल. पण एका बाकावर बसले की कळतं, प्रत्येकाच्या गावी चर्चचा कारभार निराळ्या पद्धतीनं चालायचा. एकाच्या गावी सगळे सभासद हात वर करून ठरवायचे. दुसऱ्याच्या गावी वडीलजन ठरवायचे. तिसऱ्याच्या गावी बिशपांचं पत्र यायचं. अशा लोकांनी एकत्र यायचं, तर कारभार कसा करायचा? हा प्रश्न नवा वाटतो, पण मराठी चर्चनं तो दीडशे वर्षांत निदान तीनदा सोडवायचा प्रयत्न केला आहे.

आम्ही आज जे मांडणार आहोत, ते थोडक्यात आधीच सांगून टाकतो. चर्चच्या कारभाराची फेररचना म्हणजे तीन गोष्टींची फेररचना. पाळक कोण नेमतो आणि त्याचा पगार कोण देतो, ही पहिली. निर्णय कोणत्या सभेत होतो, ही दुसरी. आणि जागा, इमारत, बँकेतले पैसे कोणाच्या नावावर आहेत, ही तिसरी. या तिन्ही गोष्टी बरोबर हलल्या तर फेररचना टिकते. एखादी मागे राहिली, की भांडण सुरू होतं. महाराष्ट्रात पहिली गोष्ट एकोणिसाव्या शतकात हलू लागली, दुसरी विसाव्या शतकात हलली आणि तिसरी अजूनही पुरती हललेली नाही.

आता सुरुवातीकडे जाऊ.

पुण्यात चर्च आलं ते इंग्रजांच्या आधी. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च सवाई माधवरावांच्या काळातलं, १७९२ सालचं. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोव्याकडचे ख्रिस्ती लोक होते, त्यांच्यासाठी पेशवाईनं जागा दिली. त्या चर्चची नाळ गोव्याशी, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या अधिकाराशी जोडलेली. पुढे इंग्रजी छावणी आली, आयरिश कॅथलिक सैनिक आले, आणि आपण हडपसरहून पुण्याकडे जाताना लागतं ते सेंट पॅट्रिक्स १८५० मध्ये उभं राहिलं. त्याची नाळ थेट रोमशी. म्हणजे एकाच शहरात, एकाच पंथाची दोन चर्चं, आणि दोघांचे वरिष्ठ वेगळे! मुंबई-पुण्याकडच्या कॅथलिक समाजात या दुहेरी सत्तेवरून पिढ्यान् पिढ्या वाद झाले. १८८६ मध्ये पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याच वर्षी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करारही झाला, तरी दुहेरी सत्तेचा प्रश्न तेवढ्यानं मिटला नाही. त्यासाठी १९२८ मध्ये पुन्हा करार करावा लागला. हे सांगायचं कारण एवढंच, की 'आपल्यावर कोणाचा अधिकार' हा प्रश्न पुण्यातल्या चर्चइतकाच जुना आहे. कॅथलिक चर्चमध्ये तो अखेर वरून सुटतो, रोमहून. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये वरून सोडवणारा कोणी नव्हता. म्हणून त्यांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि आज आपण मुख्यतः तीच पाहणार आहोत.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं आणि १८३१ मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला पोचलं. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं. आता हा शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. या परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःची मुखत्यार असते. पाळक तिनं निवडायचा, सभासद तिनं घ्यायचे, शिस्तीचा निर्णय तिनं करायचा. वर बिशप नाही. शेजारच्या मंडळ्यांशी सल्लामसलत करायची, हुकूम घ्यायचा नाही.

पण हे कागदावर. प्रत्यक्षात काय होतं? पैसा बोस्टनहून यायचा. मिशनरी साहेब शाळा काढायचे, शाळेचा मास्तर नेमायचे, तोच मास्तर रविवारी उपासना चालवायचा. मंडळी स्वतंत्र खरी, पण तिच्या पुढाऱ्याचा पगार मिशनच्या तिजोरीतून. मग मंडळीच्या सभेत साहेबांच्या मताविरुद्ध हात वर कोण करणार? हा प्रश्न आपल्याकडच्या सहकारी संस्थांत काम केलेल्यांना समजावून सांगायला नको.

ही अडचण मिशनच्या वरिष्ठांच्याही ध्यानात आली होती. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थानात आले, कामाची पाहणी केली. त्यांचं आणि इंग्लंडमधल्या चर्च मिशनरी सोसायटीच्या हेन्री व्हेन यांचं म्हणणं साधारण एकच होतं. मिशननं कायमचं राहायचं नाही. तिथल्या मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा प्रसार स्वतः करावा. आणि याच काळात, १८५४ मध्ये, नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ही आपल्या गोष्टीतली पहिली फेररचना म्हणायला हवी. मंडळी मराठी होतीच, आता पाळकही मराठी झाला.

पुढे गावोगाव मंडळ्या वाढल्या. विशेषतः १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार आणि मांग समाजातली पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली. विखुरलेल्या लहान लहान मंडळ्या, एकेकीत दहा-वीस घरं, तीही गरीब. अशा मंडळ्यांचा मिळून जो संघ होता, त्याला नगरकडे 'ऐक्य' असं नाव होतं. हा शब्द आम्हाला फार आवडतो. 'असोसिएशन' या इंग्रजी शब्दाचं कोरडं भाषांतर त्यांनी केलं नाही. वर्षातून एकदा गावोगावचे प्रतिनिधी जमायचे, हिशेब वाचायचे, पाळकांच्या प्रश्नांवर बोलायचे, कीर्तनं व्हायची. जत्रा आणि आमसभा असं दोन्ही एकत्र. आणि मंडळीचं उत्पन्न काय? गरीब माणसाचं उत्पन्न धान्याचं. म्हणून पीकसणाला लोक बाजरी, भोपळा, कोंबडी, अंडी आणायचे आणि त्यांचा लिलाव व्हायचा. ही चाल आजही मराठी मंडळ्यांत आहे, शहरातसुद्धा आहे. लोक त्याकडे गंमत म्हणून पाहतात. पण त्या लिलावात एक मोठं तत्त्व आहे. पाळकाच्या पगारात आपली बाजरी आहे, म्हणून पाळक आपला आहे.

तरी मिशनचा पैसा आणि मंडळीचा अधिकार यांची सांगड नीट बसली नाही. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. मराठी साहित्यात त्यांना सगळे ओळखतात. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे तर घराघरात ओळखतात. पण चर्चच्या कारभाराच्या इतिहासातही त्यांची एक जागा आहे, तिच्याकडे कमी लक्ष जातं. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन केलं. आणि १९१७ मध्ये मिशनच्या पगारी कामातून ते बाहेर पडले, 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. त्यांना असा बंधुसमाज हवा होता, जो परदेशी पैशावर चालणार नाही आणि ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून बसू शकतील. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. आम्ही याकडे अपयश म्हणून पाहत नाही. टिळकांनी रोगाचं निदान अचूक केलं होतं: पगार देणारा हात बदलल्याशिवाय कारभार बदलत नाही. पण त्यांच्यापाशी दुसरी आणि तिसरी गोष्ट नव्हती. निर्णयाची ठरलेली सभा नव्हती, मालमत्तेची व्यवस्था नव्हती. सगळं एका मोठ्या माणसाभोवती होतं, आणि माणूस गेला की संपलं.

आता विसाव्या शतकात येऊ. इथे दुसरी गोष्ट, म्हणजे निर्णयाची सभा, हलू लागते.

महाराष्ट्रात तोवर किती तऱ्हेचे मिशन होते पाहा. नगर, शिरूर, सातारा, सोलापूर भागात अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल. पुण्यात, जालन्यात स्कॉटिश मिशन, म्हणजे प्रेसबिटेरियन. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी याच परंपरेतल्या पुण्याच्या मंडळीचे पाळक होते. कोल्हापूरला वाइल्डर साहेबांनी १८५२ मध्ये सुरू केलेलं काम पुढे १८७० मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे गेलं. पुण्यात पंचहौद, नाशिककडे आणखी काम, हे अँग्लिकन, म्हणजे बिशप असलेलं चर्च. शिवाय मेथडिस्ट. शिवाय डहाणू, पालघरकडे ब्रदरन. एका मराठी माणसाचं लग्न दुसऱ्या मिशनच्या मुलीशी ठरलं, की दोन देशांच्या चर्चचे नियम पाहावे लागायचे. स्कॉटलंडमध्ये तीनशे वर्षांपूर्वी झालेल्या वादाची किंमत शिरूरच्या माणसानं का मोजायची, असा प्रश्न लोक विचारू लागले. तो रास्त होता.

पहिलं पाऊल १९२४ मध्ये पडलं. उत्तर हिंदुस्थानातले प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र आले आणि 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' झालं. थोडक्यात यूसीएनआय. आपले नगरवाले आणि कोल्हापूरवाले एका छताखाली आले. कारभाराच्या दृष्टीनं ही तडजोड होती. स्थानिक मंडळीचं स्वातंत्र्य बरंचसं राहिलं, पण तिच्यावर चर्च कौन्सिल आलं, त्यावर सिनॉड, त्यावर जनरल असेंब्ली. म्हणजे आपल्या ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेसारखी उतरंड. प्रत्येक पायरीवर निवडून आलेले प्रतिनिधी, त्यात पाळकही आणि सामान्य सभासदही. बिशप मात्र नाही.

तिकडे अँग्लिकन चर्चमध्येही बदल होत होता. १९३० पर्यंत हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च कायद्यानं इंग्लंडच्या चर्चचा भाग होतं. १९२७ च्या कायद्यानं ते वेगळं झालं आणि १ मार्च १९३० पासून स्वतःच्या घटनेनं चालू लागलं. त्याच्या जरा आधी, १९२९ मध्ये, नाशिकचा नवा धर्मप्रांत झाला. पुणे तेव्हा मुंबईच्या धर्मप्रांतात होतं.

आणि १९२९ मध्येच लखनौला एक बैठक झाली. उत्तर हिंदुस्थानातल्या सगळ्या मोठ्या प्रॉटेस्टंट चर्चनी एक व्हायचं का, हा विषय. तिथून बोलणी सुरू झाली ती १९७० पर्यंत चालली. एक्केचाळीस वर्षं! मध्ये दुसरं महायुद्ध झालं, फाळणी झाली, स्वातंत्र्य आलं, १९४७ मध्ये दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडिया होऊनसुद्धा गेलं. आपल्याकडे अजून मसुदेच चालू. योजनेची चौथी आवृत्ती १९६५ ची आहे. लोक या दिरंगाईवर हसतात. पण ती कशावर अडली होती, हे पाहिलं तर हसू येत नाही.

तीन गाठी होत्या. पहिली, बिशप हवा की नको? अँग्लिकनांना बिशपशिवाय चर्च पूर्ण वाटेना. काँग्रिगेशनल माणसाला बिशप म्हणजे पुन्हा साहेब आला असं वाटे. उत्तर असं निघालं: बिशप असेल, पण घटनेनं बांधलेला. धर्मप्रांताची परिषद असेल, वर सिनॉड असेल आणि बिशपांना त्यांच्यासह काम करावं लागेल. दुसरी गाठ बाप्तिस्म्याची. काही चर्च तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत, बॅप्टिस्ट आणि ब्रदरन समज आल्यावरच देत. उत्तर: दोन्ही चाली मान्य, कुटुंबानं आपली निवड करावी. तिसरी गाठ सगळ्यात नाजूक. तुमच्या पाळकाची दीक्षा आम्ही खरी मानायची का? पुन्हा दीक्षा द्यायची तर आधीची खोटी ठरते, न द्यायची तर काहींच्या मनाला पटत नाही. उत्तर: एक समारंभ, ज्यात सगळ्या चर्चचे पाळक एकमेकांसाठी प्रार्थना करून एकमेकांवर हात ठेवतील, आणि त्याचा अर्थ काय लावायचा हे देवावर सोडतील. कायद्याच्या माणसाला हे पळवाटेसारखं वाटेल. आम्हाला ती शहाणपणाची तडजोड वाटते. कोणीही हरलं नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, सीएनआय, स्थापन झालं. सहा चर्च एकत्र आली: अँग्लिकन, यूसीएनआय, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बोलण्यांत होते, पण त्याच वर्षी, अगदी ऐन वेळी बाहेर राहिले. म्हणून आजही पुण्यात मेथडिस्ट चर्च वेगळं दिसतं.

आता जरा नगरच्या एखाद्या गावातल्या माणसाच्या नजरेनं पाहा. त्याच्या आजोबांच्या काळी मंडळी स्वतंत्र, वर फक्त 'ऐक्य'. वडिलांच्या काळी चर्च कौन्सिल. आणि त्याच्या काळी नाशिक धर्मप्रांत, ज्याची घडण अँग्लिकन. ज्या मंडळ्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ बिशप पाहिला नव्हता, त्यांच्या पाळकांच्या बदल्या आता बिशपांच्या सहीनं होऊ लागल्या. पाळक लहान गावात अडकून पडत नाही, पगार सगळ्यांना एका श्रेणीनं मिळू शकतो, श्रीमंत मंडळी गरीब मंडळीचा भार उचलू शकते, हे या पद्धतीचे मोठे फायदे. पण तोटाही आहे. पाळकाच्या पगारात आपली बाजरी आहे, ही जी भावना होती, ती पातळ होते. वर्गणी वर जाते आणि निर्णय वरून येतो, असं वाटू लागतं. हे वाटणं प्रत्येक ठिकाणी खरंच असतं असं नाही. पण कारभारात लोकांना काय वाटतं, यालाही वजन असतं.

आणि आता तिसरी गोष्ट, जी मागे राहिली. मालमत्ता.

मिशन गेले, तेव्हा त्यांनी शाळा, दवाखाने, बंगले, चर्च आणि मोकळ्या जागा मागे ठेवल्या. या जागा कोणाच्या नावावर होत्या? काही परदेशी बोर्डाच्या नावावर. काही अँग्लिकन धर्मप्रांताच्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर. काही यूसीएनआयच्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर. काही स्थानिक मंडळीच्या ट्रस्टच्या. १९७० मध्ये नागपूरला सगळ्यांनी ठराव केले: आमचं चर्च आता सीएनआयमध्ये विलीन, आमची मालमत्ताही सीएनआयची. भावना खरी होती. पण इथे एक कायदा आडवा होता, आणि तो आधीपासून होता.

तो म्हणजे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, आज त्याला महाराष्ट्राचं नाव लागतं. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो, सार्वजनिक ट्रस्ट असेल तर त्याची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद पाहिजे. विश्वस्त बदलला तर चेंज रिपोर्ट द्यायचा. जमीन विकायची तर आधी परवानगी घ्यायची. ट्रस्टची योजना बदलायची, दोन ट्रस्ट एक करायचे, तर तेही त्या कायद्याच्या वाटेनं. आमसभेत टाळ्या वाजल्या म्हणून ट्रस्ट विसर्जित होत नाही.

याचा निकाल एका गुजराती मंडळीच्या खटल्यात लागला. गुजरात १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होता, म्हणून हाच कायदा तिथेही लागू. ब्रदरन चर्चचे आपल्याकडे दोन भाग होते, पहिला गुजराती आणि दुसरा मराठी. गुजराती भागातल्या काही सभासदांनी म्हटलं, आमच्या संस्थेनं केलेला विलीनीकरणाचा ठराव कायद्यानं पुरा झालेलाच नाही, तेव्हा मालमत्ता आमच्या जुन्या ट्रस्टचीच. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत दोनदा गेला. २००५ मध्ये कोर्टानं सांगितलं, की असे प्रश्न या कायद्याखालच्या अधिकाऱ्यांपुढेच न्यावे लागतील, दिवाणी कोर्टात नाही. २०१३ मध्ये सांगितलं, की नुसत्या ठरावानं ना संस्था विसर्जित होते, ना ट्रस्टची मालमत्ता दुसरीकडे जाते. कायद्यात सांगितलेली रीत पुरी करावी लागते. सीएनआयच्या बाजूचं अपील फेटाळलं गेलं. १९७० चा ठराव, २०१३ चा निकाल. त्रेचाळीस वर्षं. ज्यांनी नागपूरला तरुणपणी हात वर केले असतील, ते निकालाच्या दिवशी म्हातारे झाले होते.

या निकालाचा अर्थ 'ऐक्य चुकलं' असा काढणारे आहेत. आम्हाला तसं वाटत नाही. ऐक्याचा धार्मिक भाग उभा आहे, उपासना एकत्र होते, पाळक एका गावातून दुसऱ्या गावी जातात, नगरचा माणूस पंचहौदला प्रभुभोजन घेतो. अडलं ते एवढंच, की चाळीस वर्षं शब्दाशब्दावर चर्चा करणाऱ्या विद्वान लोकांनी दीक्षेचा प्रश्न जितक्या बारकाईनं सोडवला, तितक्या बारकाईनं ट्रस्टच्या नोंदी सोडवल्या नाहीत. धर्मशास्त्राची गाठ सुटली, धर्मादाय कार्यालयातली राहिली. आणि अशी गाठ राहिली, की तिच्याभोवती माणसं जमतात. काही खरोखर मंडळीच्या काळजीनं, काही जमिनीच्या भावाकडे पाहून. शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या मिशन कंपाउंडचं आज काय मोल आहे, हे हडपसरकरांना आम्ही सांगायची गरज नाही. इथल्या उसाच्या आणि भाजीच्या रानांचं काय झालं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. मगरपट्ट्याचे शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी जमीन विकून टाकण्याऐवजी कंपनी करून हिस्से ठेवले, म्हणून त्यांची गोष्ट वेगळी झाली. त्यांनी नाव कोणाचं, हिस्सा कोणाचा, हे आधी लिहून घेतलं. आमच्या मते मंडळ्यांनी शिकावं असं त्यात काही आहे.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. "आमच्या भागात तीन-चार लहान मंडळ्या आहेत. एकच पाळक सगळीकडे जातात. आम्ही एकत्र कारभार करायचा विचार करत आहोत. इतिहासातून काय घ्यावं?"

चांगला प्रश्न आहे. आम्ही वकील नाही, धर्मगुरूही नाही; इतिहास जेवढं सांगतो तेवढंच सांगू.

पहिलं, पाळकाचा पगार कशातून जाणार ते आधी ठरवा, आणि त्यात प्रत्येक मंडळीचा वाटा असू द्या, लहान असला तरी चालेल. दहा घरांची मंडळी असेल तर तिनं दहा घरांचं द्यावं. पण द्यावं. नगरच्या मंडळ्यांचा अनुभव हाच आहे.

दुसरं, कोणता निर्णय कुठे होणार याची यादी करा. सभासद घेणं, पंच निवडणं, संडे स्कूल, पीकसण हे स्थानिक मंडळीकडे राहू द्या. पाळकाची नेमणूक, पगार, मोठा खर्च हे एकत्र समितीकडे. १९२४ आणि १९७० ची दोन्ही ऐक्यं टिकली, कारण त्यांनी खालच्या पायरीला काहीतरी ठोस काम ठेवलं. जिथे खालच्या पायरीला फक्त वर्गणी गोळा करायचं काम उरतं, तिथे माणसं यायची थांबतात. आणि समितीत बायकांना, तरुणांना जागा ठेवा. मराठी मंडळीत उपासनेला बाकं कोण भरतं आणि पंचांच्या खुर्चीत कोण बसतं, याचा हिशेब तुम्हीच करा.

तिसरं, आणि हे सगळ्यात आधी करायचं. प्रत्येक मंडळीनं आपला ट्रस्टच्या नोंदीचा उतारा काढावा, ज्याला शेड्यूल एक म्हणतात. त्यात विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते पाहावं. आमचा अंदाज आहे, की त्यातले काही जण केव्हाच देवाघरी गेलेले सापडतील, कारण चेंज रिपोर्ट कोणी दिलेलाच नसतो. मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये भरत असेल आणि ट्रस्टच नसेल, तर बँकेतलं खातं कोणाच्या नावावर आहे ते पाहावं. ते एखाद्या भल्या माणसाच्या वैयक्तिक नावावर असेल, तर आज तो भला आहे. उद्या त्याचे वारस काय म्हणतील, ते आपल्याला ठाऊक नाही. या गोष्टी नीट केल्यावर मग एकत्र येण्याचा ठराव करा. आधी ठराव आणि मग कागद, असं १९७० मध्ये झालं. तेव्हाच्या लोकांची श्रद्धा आपल्यापेक्षा कमी नव्हती, तरी पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी चढावी लागली.

आणि शेवटचं. प्रोसिडिंगचं वही-पुस्तक मराठीत ठेवा, सगळ्यांना वाचता येईल असं. आज आम्ही इथे उभे राहून १८५४ पासूनच्या गोष्टी सांगू शकतो, ते जुन्या लोकांनी अहवाल लिहिले, 'ज्ञानोदय'सारखी पत्रं चालवली म्हणून. तुमच्या तीन-चार मंडळ्यांनी काय ठरवलं आणि का ठरवलं, हे पुढच्यांना कळायचं, तर ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. त्या वहीत विरोधात कोण बोललं आणि त्याचं म्हणणं काय होतं, तेही लिहा. चाळीस वर्षांनी तेच सगळ्यात उपयोगी पडतं.

आता प्रश्न घेऊ. मागच्या बाकावरून कोणीतरी हात वर केला आहे, त्यांना माइक द्या.